बोटांचा पल्ला आणि पिकिंगचा मेळ: गिटारच्या वॉर्म-अपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न क्लासमध्ये, पालकांच्या फोनवर आणि कॉलेजच्या तालमीत पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्यांत शाळकरी मुलं आहेत, हिंजवडीत दिवसभर लॅपटॉपवर बसणारे आहेत आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा गिटार हातात घेतलेले आजोबाही आहेत. उत्तरं उजव्या हाताने वाजवणाऱ्यांना धरून लिहिली आहेत. डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत. बोटांचे आकडे नेहमीचेच: तर्जनी १, मधलं बोट २, अनामिका ३, करंगळी ४. तारांची नावं जाडीपासून बारीककडे: ई, ए, डी, जी, बी, ई. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, म्हणजे लांब दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यामधली घरं. पिक म्हणजे तार छेडायचा छोटा चपटा तुकडा.

वॉर्म-अप खरंच लागतो का? सरळ गाणंच वाजवायला घेतलं तर?

वाजवता येईल, आणि थोड्या वेळाने बोटं आपोआप मोकळीही होतील. पण तेवढ्या वेळात आखडलेला हात जे करतो, तेच त्याच्या अंगवळणी पडतं: गरजेपेक्षा जास्त दाब, वर चढलेला खांदा, आवळलेला अंगठा. कमीत कमी जोर लावून स्वर स्वच्छ कसा निघतो, याची हाताला रोज सुरुवातीलाच आठवण करून द्यायची, एवढ्यासाठी मी वॉर्म-अपचा आग्रह धरतो. बोटांत ताकद आणण्यासाठी नाही. नीट सेट केलेल्या गिटारची तार दाबायला आठ वर्षांच्या मुलाची ताकदही पुरते.

रोज किती वेळ द्यायचा?

पाऊण तासाच्या रियाजात दहा-बारा मिनिटं. वीसच मिनिटं असतील तर पाच. सगळा रियाज नुसत्या १-२-३-४ मध्ये घालवू नका. बोटं पळायला लागतील, पण गाणं बसणार नाही.

गिटार हातात घेण्याआधी काही करायचं का?

हो, विशेषतः थंडीत. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सकाळी पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि बोटं अक्षरशः लाकडासारखी होतात. कोमट पाण्याखाली मिनिटभर हात धरा, नीट पुसा, मुठी हळूहळू उघडझाप करा, मनगटं दोन्ही बाजूंनी फिरवा, खांदे मागे टाका. बोटं मागे वाकवून खेचण्याची जी सवय बऱ्याच जणांना असते, ती गार हातावर नको. बोटं मोडण्याने वाजवण्यात काही फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट खास आपल्या शहराची. संध्याकाळच्या क्लासला बहुतेक जण दुचाकीवरून येतात. सिंहगड रस्त्यावरच्या किंवा युनिव्हर्सिटी चौकातल्या गर्दीत अर्धा-पाऊण तास क्लच दाबत आलेला डावा हात हाच आपला फ्रेटवरचा हात असतो. बोटं दाबून दाबून तो आधीच दमलेला असतो. गाडी लावल्यावर पाच मिनिटं हात नुसते लोंबते सोडा, पाणी प्या, मग पिशवीची चेन उघडा. आल्या आल्या बॅरे कॉर्ड, म्हणजे तर्जनी आडवी ठेवून सगळ्या तारा एकदम दाबायचा प्रकार, धरायला बसू नका.

पहिला व्यायाम कोणता?

माझ्या क्लासमध्ये पहिला व्यायाम एका बोटाचा, एका स्वराचा. जी तारेच्या सातव्या फ्रेटवर तर्जनी नुसती टेकवा, दाबू नका. उजव्या हाताने तार सारखी छेडत राहा. आधी ‘टक टक’ असा मुका आवाज येईल. आता दाब अगदी हळूहळू वाढवा. मुका आवाज जाऊन खरखर सुरू होईल, आणि मग एका क्षणी स्वर साफ होईल. तिथेच थांबा. तुम्हाला लागणारा दाब एवढाच. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला मागून खेटून आहे ना, तेही बघा. घराच्या मध्यावर बोट असेल तर त्याच स्वराला जास्त दाब लागतो. हेच चारही बोटांनी करा. करंगळीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

मग नेहमीचा १-२-३-४. पण तो पहिल्या फ्रेटवर नको, पाचव्या किंवा सातव्यावर सुरू करा. एका तारेवर चार बोटांनी चार लागोपाठचे फ्रेट, मग पुढची तार, जाड ईपासून बारीक ईपर्यंत आणि परत. परतताना ४-३-२-१. दुसरं बोट ठेवल्यावर पहिलं उचलायचं नाही. चारही बोटं तारेवर जमेपर्यंत तशीच राहू द्यायची आणि पुढच्या तारेवर जाताना एकेक न्यायची. उचललेलं बोट तारेपासून फार दूर जायला नको, बोटभर उंची फार झाली. आरशासमोर बसून बघा, नाहीतर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं शूटिंग करा. करंगळी हवेत ताठ उभी राहिलेली तुमची तुम्हालाच दिसेल.

१-२-३-४ जमलं. आता पुढे काय?

चार बोटांचे क्रम एकूण २४ होतात: १-२-४-३, १-३-२-४, २-४-१-३ वगैरे. रोज दोनच घ्या. १-३-२-४ आणि १-४-२-३ मध्ये अनामिका आणि करंगळी वेगळी व्हायला शिकतात, म्हणून या दोघांकडे परत परत या. कोळ्यासारखा चालणारा जो ‘स्पायडर’, म्हणजे १ आणि ३ एका तारेवर, २ आणि ४ शेजारच्या तारेवर, तो चांगला आहे, पण पहिल्या महिन्यात नको.

करंगळी ऐकतच नाही. माझ्या हातात काही दोष आहे का?

नाही. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि आता फक्त अनामिका वर उचलून बघा. जवळपास कोणालाच ती नीट उचलता येत नाही. बोटं वाकवणारे आणि सरळ करणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपर ते मनगट या भागात असतात आणि तिथून लांब कंडरा बोटांपर्यंत येतात. हाताच्या मागच्या बाजूला मधलं बोट, अनामिका आणि करंगळीच्या कंडरा एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. म्हणून एक बोट उचललं की शेजारचं ओढलं जातं. हा जोड सरावाने सुटणार नाही. सरावाने मेंदू एवढंच शिकतो की शेजारच्या बोटाला विनाकारण हुकूम द्यायचा नाही. ते शिकणं सावकाश आणि हलक्या हातानेच होतं. जोर लावला की तिन्ही बोटं एकत्र आवळतात.

बोटांचा पल्ला वाढवायचा कसा? पहिल्या फ्रेटवर चार बोटं पोचतच नाहीत.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त हात याच्यामागे दुखावतात, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी मोजमाप बघा. बहुतेक अकूस्टिक आणि बऱ्याच इलेक्ट्रिक गिटारवर तारेची लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर असते. अशा गिटारवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर सुमारे ९७ मिमी. सातव्यापासून दहाव्यापर्यंत तेच चार बोटांचं अंतर सुमारे ६९ मिमी. बाराव्यापासून पंधराव्यापर्यंत ५२ मिमीच्याही आत. चार बोटं, चार फ्रेट, व्यायाम तोच, पण पहिल्या फ्रेटवर तो सातव्यापेक्षा जवळजवळ ३ सेंटिमीटर रुंद. नवख्या हाताला पहिल्याच दिवशी तिथे ताणणं अन्याय आहे.

तेव्हा सातव्या फ्रेटवर सुरू करा, बी किंवा जी तारेवर. चारही बोटं आरामात बसली की काही दिवसांनी सहाव्यावर या, मग पाचव्यावर. जिथे तळहातात ताण जाणवेल तिथून दोन फ्रेट परत वर जा आणि आठवडाभर तिथेच राहा. पहिल्या फ्रेटपर्यंत यायला दोन-तीन महिने लागले तर ते अगदी ठीक आहे.

आता हाताची ठेवण. न पोचणाऱ्या दहा जणांतल्या बहुतेकांची अडचण बोटांची नसते, अंगठ्याची असते. अंगठा मानेवरून वर डोकावत असेल तर तळहात मानेला चिकटतो आणि बोटं तिरकी पडतात. अंगठा मानेच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर आणा, टेकवा, दाबू नका. तळहात आणि मान यांच्यात थोडी पोकळी दिसली पाहिजे. मनगट शक्य तितकं सरळ. गिटारची मान आडवी धरली असेल तर गिटारचं डोकं, म्हणजे खुंट्यांचं टोक, खांद्याच्या उंचीपर्यंत वर उचला. क्लासिकल वादक डाव्या पायाखाली चौरंगासारखं छोटं स्टूल घेतात ते उगाच नाही. मान वर गेली की मनगटाला वाकावं लागत नाही. नुसत्या एवढ्या बदलाने अनेकांना त्याच दिवशी एक फ्रेट जास्त मिळतो.

मग युक्तीची गोष्ट. सगळे तर्जनी आधी रोवतात आणि करंगळीला पुढे ओढतात. उलटं करा. करंगळी आधी तिच्या फ्रेटवर ठेवा, हात तिच्या बाजूने बसवा, आणि मग तर्जनी मागे न्या. तर्जनीला मागे सरकायला मोकळीक जास्त आहे, करंगळीला पुढे जायला कमी.

पल्ला बरा झाला की १-२-४ घ्या: ७-९-११ या फ्रेटवर तर्जनी, मधलं बोट, करंगळी. हे अंतर साधारण ८९ मिमी, म्हणजे पहिल्या चार फ्रेटपेक्षा अजूनही कमी. नंतर यातच मधल्या बोटाऐवजी अनामिका घ्या, १-३-४, फ्रेट ७-१०-११. प्रत्येक तारेवर एकदा झालं की हात खाली सोडून झटका. सलग दोन मिनिटांपेक्षा जास्त ताण नको.

माझी बोटंच लहान आहेत, मग?

बोटांची लांबी बदलत नाही, पण तिची अडचण वाटते तेवढी नसते. जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी १९२८ साली राहत्या कॅरॅव्हॅनला लागलेल्या आगीत भाजून जवळजवळ निकामी झाली. त्यानंतर तो सोलो मुख्यतः दोन बोटांनी वाजवत असे, आणि जॅझ गिटारच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या काही जणांत येतं. जिथे पोचत नाही तिथे हात सरकवा. सरकणं हेही तंत्रच आहे.

दोन्ही हातांचा मेळ बसत नाही. बोट आधी पडतं किंवा पिक आधी लागतो.

आधी कान लावून नक्की काय होतंय ते ओळखा. पिक आधी लागला तर स्वराच्या सुरुवातीला मुकी ‘टुक’ येते. बोट आधी पडलं तर पिक लागण्यापूर्वी फ्रेटवरचा हलका टकटक आवाज ऐकू येतो. नवख्यांना दोन्ही एकच वाटतं, कारण ते वेगात वाजवत असतात. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र किंवा ॲप, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा, एका ठोक्याला एकच स्वर. बोट आणि पिक ठोक्यावरच एकत्र पडले पाहिजेत. दोन ठोक्यांच्या मधल्या एका सेकंदात हात पूर्ण सैल करा. या सैल करण्यातच निम्मं काम आहे.

मग उजवा हात एकटा घ्या. डावा हात मांडीवर. मोकळ्या डी तारेवर पिक एकदा खाली, एकदा वर, म्हणजे डाउन-अप-डाउन-अप, ठोक्याला दोन. डाउनचा आणि अपचा आवाज सारखा येईपर्यंत डाव्या हाताला बोलवू नका. बहुतेकांचा अप कच्चा असतो, कारण तो तारेखालून वर उचलताना पिक आत खोल रुततो. पिकचं टोक दोन मिलिमीटरच तारेखाली जाऊ द्या.

नंतर तार बदलणं. खरा घोळ इथेच होतो. मोकळ्या डी आणि जी अशा दोनच तारा घ्या. डीवर डाउन, जीवर अप, परत डीवर डाउन. हे दोन मिनिटं. आता उलटं: डीवर अप, जीवर डाउन. दुसऱ्यात पिक दोन तारांच्या मध्ये अडकल्यासारखा वाटेल आणि बहुतेकांना तोच जड जातो. जो जड जातो त्याला दुप्पट वेळ.

शेवटी दोन्ही हात एकत्र. १-२-३-४ मध्ये प्रत्येक तार डाउननेच सुरू होते, त्यामुळे हात त्याला सरावतो. १-२-४ मध्ये एका तारेवर तीनच स्वर, म्हणून एक तार डाउनने सुरू होते आणि पुढची अपने. दोन्ही रोज करा. फक्त पहिलाच करणाऱ्यांचा हात पुढे स्केल वाजवताना हमखास अडखळतो.

आपल्याकडचे पलटे गिटारवर चालतात का?

चालतात, आणि मला ते छापील व्यायामांपेक्षा जास्त आवडतात. पुण्यात लहानपणी गाण्याच्या किंवा पेटीच्या क्लासला गेलेली मुलं गिटारकडे वळतात तेव्हा हा खजिना त्यांच्याकडे आधीच असतो, फक्त तो इथे लागू पडतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

ए तारेचा तिसरा फ्रेट सा धरा. सा-रे ए तारेवर ३ आणि ५, ग-म-प डी तारेवर २, ३ आणि ५, ध-नी-सां जी तारेवर २, ४ आणि ५. हात एकाच जागी राहतो, एका फ्रेटला एक बोट, आणि तिन्ही तारांवर पाचव्या फ्रेटला करंगळीच येते. आता ‘सारेग, रेगम, गमप’ घ्या, पिक सरळ डाउन-अप. पहिल्या तुकड्याची सुरुवात डाउनने, दुसऱ्याची अपने. तरीही प्रत्येक तुकड्याचा पहिला स्वर किंचित उठून यायला हवा. अपवर वजन देता आलं की पिकिंग खरंच ताब्यात आलं. मग ‘सारेगम, रेगमप’. तोंडाने सरगम म्हणत वाजवलंत तर बोट चुकल्याचं कानाआधी जिभेला कळतं.

मेट्रोनोमचा वेग रोज पाचाने वाढवायचा का?

मी तसं सांगत नाही. ठोका ६० वरच ठेवा आणि तबल्याच्या पद्धतीने एकपट, दुगुन, तिगुन, चौगुन करा: ठोक्याला एक स्वर, मग दोन, तीन, चार. तिगुनला बहुतेक जण लंगडतात, कारण हात दोनाच्या आणि चाराच्या हिशोबाला सरावलेला असतो. चौगुन स्वच्छ आली की ठोका ६६ करा. मेट्रोनोमचा टिकटिकाट नको वाटत असेल तर मोबाइलवर तबल्याचा तीनताल लावा. १६ मात्रांत १-२-३-४ चार वेळा बरोबर बसतो आणि समेवर यायची सवय लागते.

पिक कसा आणि किती जाड?

सुरुवातीला ०.७३ किंवा ०.८८ मिमी. फार पातळ पिक वाकतो आणि स्वर उशिरा येतो, त्यामुळे मेळ बसत नाही असं वाटत राहतं. कुलपात किल्ली फिरवताना धरतो तसा अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये धरा, टोक थोडंसंच बाहेर.

मी पिक वापरत नाही, बोटांनी वाजवतो.

मग अंगठा जाड तीन तारांवर, आणि तर्जनी, मधलं बोट, अनामिका जी, बी, ई वर. एक सी कॉर्ड धरा आणि अंगठा-१-२-३, अंगठा-३-२-१, अंगठा-२-१-३ असे क्रम फिरवा. इटालियन गिटारवादक माउरो जुलियानी (१७८१-१८२९) याने उजव्या हातासाठी १२० छोटे पाठ लिहून ठेवले, आणि त्या सगळ्यांत डाव्या हाताला सी आणि जी-सेव्हन या दोनच कॉर्ड आहेत. विचार साधा होता: डाव्याला काम कमी, सगळं लक्ष उजव्याकडे. दोनशे वर्षांनीही यापेक्षा नेमकं काही मला सापडलेलं नाही.

दुखतं. कुठलं दुखणं चालतं आणि कुठलं नाही?

बोटांच्या टोकांची आग होणं चालतं. काही आठवड्यांत घट्टे पडतात आणि ते थांबतं. हाताच्या कोपराखालच्या भागात थोडा थकवा येणं चालतं, तो तासाभरात जायला हवा.

मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ येणं चालत नाही. मुंग्या येणं, बधिरपणा, रात्री हात दुखून जाग येणं, हे तर मुळीच नाही. अनामिका आणि करंगळीत मुंग्या येत असतील तर कोपराकडे लक्ष द्या. तिथून जाणारी नस कोपर फार वेळ दुमडून ठेवल्याने दबते, आणि दिवसभर लॅपटॉपसमोर टेबलाच्या कडेला कोपर टेकवून बसणाऱ्यांना हे जास्त होतं. अशा वेळी वाजवणं त्याच क्षणी थांबवा. दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीने गेलं नाही तर ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला हात दाखवा. ‘सहन केलं की सवय होते’ हा सल्ला कोणीही दिला, अगदी शिक्षकांनी दिला, तरी ऐकू नका. बाजारात मिळणारी स्प्रिंगची बोट-व्यायामाची उपकरणंही घेऊ नका. त्यांनी पकड आवळायची सवय लागते, आणि आपल्याला नेमकी ती घालवायची आहे.

सगळं बरोबर करूनही तारा दाबायला जड जातात.

मग गिटार तपासा. बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या माथ्यापासून जाड ई तारेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. अकूस्टिकवर अडीच मिमीच्या आसपास असेल तर ठीक. तीनच्या पुढे असेल तर दुकानात सांगून हे अंतर, म्हणजे ॲक्शन, कमी करून घ्या. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, पुढची फळी किंचित फुगते आणि तारा वर येतात. जूनमध्ये मऊ असलेली गिटार ऑगस्टमध्ये जड वाटते ती यामुळे. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उलटं होतं, लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बोचतात. गिटार पिशवीत ठेवा, भिंतीला टेकवून नको, खिडकीजवळ तर नकोच. तारांचा संचही बदलून बघा: १२ ऐवजी १० चा, म्हणजे बारीक तारांचा, संच नवख्या बोटांना खूप सुसह्य असतो.

मुलगी आठ वर्षांची आहे. हेच व्यायाम तिलाही?

तिला आधी तिच्या मापाची गिटार द्या, अर्धी किंवा पाऊण. मोठीच असेल तर तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, घरं जवळ येतात. दोन-दोन बोटांचे क्रम, १-२, १-३, २-३, पाच मिनिटं. करंगळी आणि ताणाचे व्यायाम अजून नकोत. आणि आई-बाबांनी शेजारी बसून वेग मोजू नये ही कळकळीची विनंती.

रात्री उशिराच वेळ मिळतो, सोसायटीत आवाज जातो.

ब्रिजजवळ, म्हणजे तारा फळीला अडकवलेल्या असतात तिथे, तारांखाली स्पंजचा तुकडा किंवा घडी घातलेला रुमाल सरकवा. आवाज निम्म्याहून कमी होतो आणि एक फायदाही होतो: स्वर लांबत नसल्यामुळे बोट आणि पिक यांच्यातली फट लगेच ऐकू येते.

कार्यक्रमाआधी किती वॉर्म-अप करू? फिरोदिया करंडकाच्या स्पर्धेला किंवा गणपतीत विंगेत उभं असताना हात गार पडतात.

जड काही नको, ताणाचा व्यायाम तर अजिबात नको. हात खिशात किंवा काखेत धरून ऊब द्या. पाच मिनिटं सातव्या फ्रेटवर १-२-३-४, दोन मिनिटं मोकळ्या तारांवर डाउन-अप, आणि ज्या गाण्याने सुरुवात आहे त्याच्या पहिल्या चार ओळी निम्म्या लयीत. ट्यूनर लावून सुरांत आहे ना ते परत बघा, कारण स्टेजवरच्या दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात. मग गिटार गळ्यात अडकवून ठेवा आणि तुमचं नाव पुकारेपर्यंत डावा हात सैल सोडा.